गॅसच्या आडचं स्वादुपिंड

रेवणसिद्धच्या पोटातली कळ ओसरली, तशी हेमावतीची काळजी वाढली. डॉक्टर म्हणाले होते, "स्वादुपिंडाला सूज वाटतेय. कशामुळं, ते बघू. सोनोग्राफीत दिसलं तर ठीक, नाहीतर सीटी स्कॅन. त्यासाठी मुंबई गाठावी लागेल."

साल १९७९. सोलापुरात सोनोग्राफीचं यंत्रसुद्धा लोक खिडकीतून वाकून बघत. त्यात हेमावतीच्या कडेवर दात येणारी नऊ महिन्यांची पोर. एक डोळा पोरीवर, एक नवऱ्यावर, अशी मुंबई तिला झेपणार नव्हती.

पहिल्या दिवशी सोनोग्राफीचा पडदा नुसता ढगाळ. "पोटात गॅस आहे," डॉक्टर म्हणाले. "याच्या लहरी गॅसपुढे अडतात. सीटीला त्याचं काही वाटत नाही. उद्या पुन्हा बघू."

मंद्रूपहून आलेल्या सासूबाईंनी, काशम्मांनी, यातला 'गॅस' तेवढा उचलला. हेमावती घरी पोरीला निजवून दवाखान्यात येते, तो नवरा गोटी सोड्याची बाटली तोंडाला लावून बसलेला!

"आत्याबाई, हे काय?"

"गॅस काडायचाय न्हवं? दोन ढेकर आले बी बघ!"

दुसऱ्या दिवशी पडदा आणखी ढगाळ. मग शेजारचे रिक्षावाले लालसाब मदतीला धावले. "सोडा कच्चा इलाज हाय. भाऊसाब, तुमी हवा गिळा. ती आतल्या गॅसला धक्का मारती, मग दोघं मिळून भाईर!" हेमावती घरी पोरीला भरवत होती, तेवढ्या वेळात रेवणसिद्धनं मन लावून हवा गिळली.

"हे पोट आहे की सायकलची ट्यूब?" तिसऱ्या दिवशी डॉक्टर कडाडले. "उद्या शेवटचं बघतो. नाहीतर मुंबईची चिठ्ठी देतो."

चौथ्या दिवशी पोरीला शेजारणीकडे ठेवून हेमावती पहाटेपासून खाटेच्या पायथ्याशी बसली. लालसाबला दारातूनच परत पाठवलं. नवऱ्याला तोंड उघडायची बंदी. बोलताना हवा आत जाते म्हणून.

"माझ्या पोराचे ओठ सुकले की गं! घोटभर पानी तरी दे."

"थेंबसुद्धा नाही, आत्याबाई."

काशम्मा तोंड फिरवून बसल्या.

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास! आता यांना दोन पेले पाणी पाजा. पाण्यातून मागचं स्वच्छ दिसतं."

हेमावतीनं सासूकडे न बघता पाणी पाजलं. सासू उठून बाहेर बाकावर जाऊन बसली.

"हे बघा स्वादुपिंड. सूज उतरलीय," डॉक्टर म्हणाले. "आणि पित्ताशयात हा खडा! सगळा उपद्व्याप याचा. सीटीत असा खडा कधीकधी दिसतही नाही. मुंबई रद्द!"

हेमावती धावतच सांगायला बाहेर आली. बाकावर सासू नव्हती. कोपऱ्यावरून आवाज आला, "मुकाट्यानं प्या. अजून एक पेला. त्याबिगर मशिनीला आतलं दिसत न्हाय. माझ्या सुनंनं काढलेली युक्ती हाय, बीएस्सी झालीया ती!"

मोडक्या मनगटाचा एक्स-रे काढायला आलेला कुणी एक गुरप्पा दुसऱ्या हातात पेला धरून निमूट पाणी पीत होता.