तिरका नंबर

"अहो, हा सकाळपासूनचा सातवा फोन! 'प्रवेश नाकारला' म्हणतोय. कुणी कुणाला नाकारलं?" बायकोने रिसीव्हरवर हात ठेवून विचारले.

पोथीकाकांचा चहा बशीत सांडला. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहीत, म्हणून हे नाव. त्यांच्या पुस्तिकेचे नियम साधे होते. ठळक अक्षरांतले जसेच्या तसे टाइप करा, तिरक्या अक्षरांतल्याच्या जागी आपले घाला, चौकटी कंसातले वगळले तरी चालेल. यंत्राच्या पडद्यावर झळकणाऱ्या सूचनेचा नमुनाही त्यांनी दिला होता: 'अडचण आल्यास फोन करा', आणि पुढे तिरका नंबर. परक्या माणसाला उगाच त्रास नको, म्हणून घरचाच घातला. तिरका आहे, तसाच कोण टाकणार?

ते तडक छापखान्यात गेले.

"तो नंबर वाकडा पडला होता, काका," छपाईवाला म्हणाला. "सरळ केला. उठून दिसावा म्हणून ठळकही केला. तुमच्यासाठी एवढं करायलाच हवं!"

"किती प्रती गेल्या?"

"सगळ्या. चाळीस कचेऱ्यांना."

काका तिथून कंपनीत आले. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि ते कुणाच्या नजरेत न येता काढायचे एवढीच त्यांची इच्छा होती. साहेबांच्या दारापर्यंत ते तीनदा गेले, तीनदा पाणी पिऊन परतले. माफीपत्र लिहायला घेतले, तर सवयीने 'क्षमस्व' तिरके पडले. म्हणजे साहेबांनी हवा तो शब्द घालावा! घाबरून त्यांनी ते ठळक केले. घरी फोन लावला. लाइन व्यस्त. तासाभराने एकदाची लागली.

"अगं, सांगतेस काय त्या लोकांना?"

"काय सांगणार? वायर काढा, पुसा, घट्ट बसवा. नाहीच झालं तर तुमची पुस्तिका वाचायला सांगते. मग म्हणतात, नको बाई, वायरच पुन्हा काढून बघतो. ठेवा आता, माणूस खोळंबलाय."

तेवढ्यात साहेबांचे बोलावणे आले.

"काका, फोनवर त्या बाई कोण आहेत?"

"आमच्या... घरच्या. साहेब, चूक माझी. नंबर बदलून नवी आवृत्ती—"

"नवी आवृत्ती काढाच. नंबराला मात्र हात लावायचा नाही! सकाळपासून चार कचेऱ्यांनी कौतुक कळवलंय. येतील का त्या कामाला?"

संध्याकाळी काकांनी चाचरत विचारले. बायको म्हणाली, "येईन की. पण एक ते तीन मी झोपते, ते आधीच छापा."

नव्या आवृत्तीत नंबर ठळक आहे. एक ते तीनची झोपही ठळक आहे. शेवटच्या पानावर लेखकाचे नाव तेवढे काकांनी स्वतःच्या हाताने चौकटी कंसात टाकले, आणि छपाईवाल्याला बजावले, "याला काही करू नकोस."