पोत्याऐवजी पिशवी

"मला फक्त एक विद्यार्थी द्या, तीन महिन्यांत त्याचा उद्योजक करून दाखवतो!"

माधव चिटणीस सरांनी भर मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून असं जाहीर केलं आणि देवासच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात उद्योजकता कक्ष सुरू झाला. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली आणि मार्गदर्शक म्हणजे स्वतः सर. बावीस वर्षं त्यांनी व्यवस्थापन शिकवलं होतं. आयुष्यात विकलं मात्र एकच, जुनी स्कूटर! तिचंही गिऱ्हाईक त्यांच्या पत्नीने, अल्पनाताईंनी, शोधून आणलं होतं.

विद्यार्थी मिळाली ती मोना जाधव. मुलगी धारची, तिथे तिच्या वडिलांचं, तुकाराम जाधवांचं, जळालेल्या विजेच्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान. मोनाने लसूण सोलायचं मशीन बनवलं होतं. पिंपात पाकळ्या टाकायच्या, कॉम्प्रेसरची हवा सोडायची. सालं सुटून वरच्या नळीतून उडत आणि नळीच्या तोंडाशी बांधलेल्या पोत्यात जमत. खाली राहत त्या गोऱ्यापान पाकळ्या.

"सर, मला दोनच गोष्टी पाहिजे होत्या," मोना पहिल्याच दिवशी म्हणाली. "एक तर वर्कशॉप रविवारी उघडं मिळालं, आणि रोज मणभर लसूण सोलणारं कुणी भेटलं, तर..."

"व्हिजन!" सर म्हणाले. "आधी व्हिजन!"

बसल्या जागी सरांचा पाय सारखा हालत असे, शिलाई मशीन चालवल्यासारखा. खुर्चीत ते पाच मिनिटं टिकत नसत. खिडकीपाशी जात, परत येत, चहा मागवत आणि तो निवेपर्यंत विसरत. तीन महिन्यांत त्यांनी मोनासाठी त्रेचाळीस स्लाइड केल्या, व्हिजिटिंग कार्डं छापली, एक निळा ब्लेझरही शिवून घेतला. वर्कशॉपला रविवारी कुलूपच राहिलं. रोज मणभर लसूण सोलणारं माणूस शोधायला सरांना फुरसत मिळाली नाही, कारण ते 'ग्राहकाचा शोध' ही स्लाइड करत होते!

शेवटी कक्षाच्या प्रदर्शनाचा शनिवार उजाडला. तुकारामजी सकाळीच धारहून आले. हॉलच्या दाराशी त्यांनी सरांना गाठलं.

"सर, स्पष्टच बोलतो. पीथमपूरच्या कारखान्यातून हिला नोकरीचं पत्र आलंय, सोमवारी हजर व्हायचंय. आज मशीन कुणी मागितलं तर ठीक. नाही तर पोरगी नोकरीवर जाईल. मी तरी किती दिवस थांबवणार?"

आता सरांना एका जागी उभं राहवेना. त्यांनी माइक तपासला, खुर्च्या मोजल्या, फुलदाणी डावीकडची उजवीकडे नेली आणि परत डावीकडे आणली. मग त्यांची नजर मशीनवर गेली. चकचकीत पिंप, चकचकीत नळी आणि टोकाला लोंबणारं मळकं पोतं!

"मोना, हे पोतं कसं दिसतंय! उद्योग खात्याचे साहेब येतायत!"

"सर, पोतं असू द्या. त्यातून हवा..."

"हवा नंतर! तू स्टेजवर जा, प्राचार्य बोलावतायत!"

मोना गेली. तुकारामजी चहाला गेले होते. सरांनी इकडेतिकडे बघितलं, पोतं सोडलं, टेबलाखाली सारलं आणि त्या जागी कॉलेजचं नाव छापलेली जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. वर तीन गाठी मारल्या. क्या बात है! सरांना स्वतःचाच अभिमान वाटला.

साहेब आले, हारतुरे झाले. सतराव्या स्लाइडला साहेबांनी जांभई दिली. ते बघून सरांचा धीर सुटला. "आता प्रत्यक्षच बघा!" असं ओरडून त्यांनी बटण दाबलं.

मशीन घरघरलं. सालं वर उडाली. पिशवी फुगली. कॉलेजचं नाव आधी पाटीएवढं झालं, मग फलकाएवढं!

"वा!" साहेब पुढे वाकले. "यह क्या है, गुब्बारा?"

"सर, बंद करा!" स्टेजवरून मोना किंचाळली. "हवेला वाट नाहीये!"

सरांनी घाईघाईने हात मारला तो बटणाऐवजी हवेच्या चावीवर. हवा दुप्पट झाली!

फाट्!

पहिल्या रांगेत कुणीतरी आडवं झालं. पंख्यांनी उरलेलं काम केलं. हॉलभर लसणाची सालं भिरभिरू लागली, माळव्यात बर्फ पडल्यासारखी! साहेबांच्या केसांत साल, प्राचार्यांच्या चष्म्यावर साल, समईत पडलेली सालं चरचर जळतायत! मागून कुणीतरी ओरडलं, "क्या हो रिया है भिया, भागो!" वासाने सगळ्यांचे डोळे चुरचुरले. साहेब शिंकत शिंकत गाडीत बसले आणि शिंकतच निघून गेले.

तुकारामजींनी धावत येऊन मशीन बंद केलं. टेबलाखालचं पोतं त्यांना दिसलं. त्यांनी ते उचलून झटकलं आणि त्याची घडी घातली. ओरडले असते तर सरांना बरं वाटलं असतं!

मोना स्टेजच्या पायरीवर बसली होती. ब्लेझरवरची सालं एकेक करून काढत होती. सर तिच्यापाशी गेले.

"पोतं मी काढलं," ते म्हणाले. स्वतःची चूक ते कबूल करत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच!

इतक्यात रिकाम्या हॉलमधून एक बाई पदराने डोळे पुसत पुढे आल्या. बागलीच्या भवानीबाई, तिथे लोणच्याचा कारखाना चालवत. नातवाची फी भरायला आल्या होत्या, गलका ऐकून आत शिरल्या. त्यांनी पिंपात हात घालून मूठभर पाकळ्या काढल्या, उजेडाकडे धरल्या.

"एकीलाही साल नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे अकरा बायका रोज हेच करतात. बोटं सोलून निघतात त्यांची. मशीन आठवडाभर ठेवशील का गं पोरी आमच्याकडे? चाललं तर घेईन."

मोनाने वडिलांकडे पाहिलं. तुकारामजी मशीनच्या चाकांना लागलेली सालं झटकत होते. "पीथमपूरला फोन करून एक आठवडा मागून बघ," ते मान वर न करता म्हणाले. "नाही म्हणाले, तर नाही म्हणाले."

सरांच्या ओठांवर अठरावी स्लाइड आली होती. त्यांनी ती गिळली.

"मोना, तू पहिल्या दिवशी काहीतरी सांगत होतीस, वर्कशॉपचं. काय ते पूर्ण सांग."

तिने सांगितलं. चार मिनिटं लागली. सर मध्ये बोलले नाहीत, फक्त पाय हालत होता. मग ते तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य अजून चष्मा पुसत होते आणि कक्ष बंद करायच्या विचारात होते. "कक्ष हवा तर बंद करा," सर म्हणाले, "पण वर्कशॉप रविवारी उघडा. मी स्वतः येऊन बसेन." भांडून, हुज्जत घालून, शेवटी अर्ज लिहून त्यांनी परवानगी मिळवलीच. पीथमपूरहूनही एक आठवडा मिळाला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मोनाने पिंपाची जाळी बदलली आणि सोमवारी सगळे बागलीला निघाले.

बागलीला सर निमंत्रणाशिवायच गेले. मशीन सुरू झालं. अकरा बायका भोवती जमल्या, मोना त्यांना दाखवत होती, त्या तिला चुका सांगत होत्या, ती वहीत लिहून घेत होती. सर स्टुलावर बसून होते. विचारायला कुणी नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

भवानीबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग मोनाला म्हणाल्या, "मशीन चांगलंय गं. पण हे सोबत आलेत, यांना काही येतं का? लसणाची बुडखी कापायला माणूस कमी पडतंय."

मोनाने सरांच्या हातात सुरी दिली.

"अजून नाही येत," ती म्हणाली. "पण शिकतील. थोडं मार्गदर्शन लागतं, बस!"