साळव्यांचा बुधवार

"या कधीतरी चहाला" असं आपण दहा जणांना म्हणतो आणि दहाही जण येत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या साळव्यांना मी तसं म्हणाले, तर ते जिन्यातच थांबले. "कधीतरी म्हणजे कोणत्या वारी, काकू?"

मी गडबडीत बुधवार म्हणाले. नातवंडांनो, त्याला चार वर्षं झाली. दर बुधवारी पाच वाजून दहा मिनिटांनी आमची बेल वाजते.

साळवे चिकलठाण्याला एका कारखान्यात बोल्टची मापं तपासतात. पन्नाशीचे, एकटे. शर्टाच्या कॉलरमागची लेबलं कापून टाकतात. म्हणतात, "दिवसभर कुणीतरी चिमटे काढतंय असं वाटतं." गुलमंडीत कापड घ्यायला जातात ते दुकान उघडता उघडताच, गर्दी नको म्हणून. त्यांना ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेही अलीकडेच.

"म्हणजे नेमकं काय होतं हो?" मी विचारलं.

"माझ्या कानाला सगळं सारखंच मोठं, काकू. पंखा, चमचा, तुम्ही. त्यातून तुम्हाला निवडून ऐकावं लागतं. लई दमायला होतं."

"मग हिला कशाला निवडता?" तुमचे आजोबा म्हणाले. "मी तर पंखाच ऐकतो."

साळवे हसले नाहीत. "काकू वाक्य पूर्ण करतात," म्हणाले.

मागच्या महिन्यात एका बुधवारी आम्ही वेरूळला लग्नाला गेलो आणि साळव्यांना सांगायचं राहून गेलं. परतायला आठ वाजले. आमच्या बंद दारासमोर साळवे पायरीवर बसलेले.

"अहो, घरी जायचं ना."

"कुलपाचा अर्थ लागेना. आज नाय, की आता कधीच नाय? लोकांना माझा कंटाळा आला की चेहऱ्यावर दिसतो म्हणे. मला दिसत नाय. अशी माझी बरीच माणसं गेली."

तुमचा रविवारचा फोन आला नाही की मीही असेच अर्थ लावत बसते. पण ते त्यांना सांगितलं नाही.

"मला कंटाळा आला तर मी तोंडानं सांगेन, साळवे."

"आणि नाय आला तर?"

"तेही सांगेन."

"लिहून द्याल?"

मी आत जाऊन कागदावर लिहिलं : तुम्ही आलात की मला बरं वाटतं.

त्यांनी दोनदा वाचलं. "तारीख नाय घातली." घातली. तरी ते कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभेच. मी सही केली. तुमच्या आजोबांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपलीही केली.