गफूरचाचांचे गुडघे

पन्नाशी गाठल्यावर एके दिवशी गफूरचाचांनी स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, वरून सुतळी आवळली आणि ते रात्रभर तसेच झोपले. सकाळी गुडघ्यांवर पापडासारखे फोड आले होते. गुडघे आधी वाकत नव्हते, ते अजूनही वाकत नव्हते; आणि पुढचा आठवडाभर गल्लीत त्यांच्याजवळ बसून कुणी बिडी पेटवली नाही.

"नट गंजला की मी काय करतो?" ते मला समजावत होते. "रॉकेल सोडतो, रात्रभर ठेवतो, सकाळी पाना लावतो. जाम झालेली वस्तू हळूच सोडवायची, बी.ए.; जोर केला की मोडते."

"चाचा, गुडघा म्हणजे नट नव्हे."

"मग काय आहे?"

मी विचार करू लागलो, तोवर ते फोडांना खोबरेल लावायला आत निघून गेले.

बी.ए. हे माझं नाव नाही. पण आमच्या कुरुळी गावातून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगत असे. चाचांनी ती एकदा ऐकली आणि माझं बारसंच करून टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. त्यांच्या पोराला कुणी भर रस्त्यात पदवीनं हाक मारली, तर मी वळून बघणारच.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. तिथल्या एका कंपनीच्या कचेरीत मला नोकरी लागली आणि मी चिंचवडला खोली घेतली. शेजार चाचांचा. मुंबई रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. खंडाळ्याचा घाट चढून तापलेल्या लॉऱ्या तिथं येऊन उसासे टाकत. जन्मभर लॉरीखाली उताणं पडून चाचांचं अंग लाकूड झालं होतं. खाली बसताना त्यांचे गुडघे कटकन वाजत, उठताना त्याहून मोठ्यानं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एकच. सकाळी तो आवाज आला की मी अंथरूण सोडत असे. मला गजराचं घड्याळ कधी घ्यावं लागलं नाही.

घरात चाचा आणि त्यांची आई, एवढी दोनच माणसं. चाचांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आईला सगळी गल्ली अम्मा म्हणायची. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दाराशी खाट. पण कान असे तिखट, की रस्त्यानं जाणारा माणूस चपलेच्या आवाजावरून त्या ओळखत. मायलेक आपसात त्यांच्या बोलीत बोलत. मी आलो की दोघंही मराठीवर येत. त्या घरचा तो शिष्टाचार होता.

रॉकेलच्या आधी काय घडलं ते सांगायला हवं. चाचांचे थोरले भाऊ चाकणला वारले. मातीला मीही गेलो होतो. घरची माणसं कबरीत उतरतात, वरून दिलेला देह हातांवर झेलतात आणि वाकून खाली ठेवतात. चाचा उतरले, त्यांनी हात पुढं केले आणि त्यांचे गुडघे अडकले. ते खाली जाईनात, वर येईनात. शेवटी भावाला दुसऱ्याच कुणी तरी खाली ठेवलं आणि चाचांना दोघांनी काखेत हात घालून वर ओढलं.

घरी अम्मांनी सगळं खोदून खोदून विचारलं.

"बाईमाणसाला घरच्या पुरुषानंच उतरवायचं असतं," त्या म्हणाल्या. "आता तूच एक उरलास. मला कोण ठेवणार रं?"

चाचा गुडघे चोळू लागले.

"तुझं गुडघं वाकल्याबिगर मी काय जात न्हाई. पर लई वाट बघाया लावू नगंस. कटाळा आलाय मला."

त्याच रात्री रॉकेल झालं.

फोड बरे झाल्यावर चाचा मला घेऊन तालमीत गेले. "तू शिकलेला आहेस, नीट बोलशील," म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच वस्तादाला गाठलं. सोपानवस्ताद म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. त्यांनी चाचांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चाचा, हितं मिसरूड न फुटलेली पोरं येत्यात. तुमी कुनाशी धरनार?"

"मला कुस्ती नको वस्ताद. मला वाकायला शिकवा."

"वाकायला?"

"वाकायला. आणि हातात वजन घेऊन वाकायला. आणि ते वजन न आदळता खाली ठेवायला."

पोरं फिदीफिदी हसली. वस्तादांनी मात्र चाचांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्या दिवस उगवायच्या आत या. जोडं भाईर काढायचं, मातीला हात लावायचा आन म्या सांगीन तेवढंच करायचं. रॉकेल न्हाई." बातमी तिथवर पोचली होती.

पहिल्या दिवशी चाचा एका बैठकीत खाली गेले आणि तिथंच राहिले. वस्तादांनी त्यांना उचलून मल्लखांबाला टेकवून उभं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चहाच्या दुकानात नवा विषय झाला.

"काय चाचा, कुस्ती कधी? जोडीला कोन, तुमचीच लॉरी?"

"लॉरी नाही राव, लॉरी माझ्यापेक्षा हलकी वाकते," चाचा बशीत चहा ओतत म्हणत.

पण त्यांनी सोडलं नाही. तिळाच्या तेलानं वस्ताद पोरांकडून त्यांचे सांधे चोळून घेत. चाचांना सगळं आपल्या भाषेत समजत असे. अंग तापवल्याशिवाय बैठका नाहीत, असं वस्तादांनी सांगितलं की ते मान डोलवत. "बरोबर आहे, थंड इंजिन रेस करायचं नाही." कंबर धरली की "आज क्लच सुटत नाही." शेडमध्येही त्यांचे प्रयोग चालत. एक मोडका गिअरबॉक्स होता, तो ते छातीशी धरून उचलत आणि पुन्हा खाली ठेवत. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी आधी गिअरबॉक्स. एका सरदारजी ड्रायव्हरला वाटलं, चाचांना तो कुठं ठेवावा ते कळत नाहीये. त्यानं बिचाऱ्यानं धावत येऊन जागा करून दिली.

संध्याकाळी अम्मा मोजमाप घेत. दिसत नसल्यामुळं ते हातानं चाले. चाचा खाटेपुढं उभे राहून वाकत, आणि अम्मा त्यांच्या दंडावरून हात फिरवत थेट बोटांपर्यंत नेत. बोटं पायाला कुठं टेकली ते चाचपून पाहत.

"मांडी," त्या निकाल देत. "अजून मांडीच."

मग गुडघा आला. त्या दिवशी अम्मांनी मला बोलावून गूळ दिला. पुढं पावसाळा सरला आणि नडगी आली. तिथं मात्र गाडी थांबली. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी रोज नडगीच.

"बी.ए., काय करावं?" चाचा माझ्याकडं बघून उसासा टाकत. "नडगीला जाम झालंय."

मलाही वाईट वाटे. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाला देवानं थोडं तरी द्यावं.

एका रविवारी मी तालमीत डोकावलो. आखाड्याच्या हौद्यात चाचा एकटे उभे होते. कडेला दोन पोरं लांबट शिवलेलं वाळूचं पोतं धरून होती. ते पोतं मी ओळखत होतो. अम्मांना उन्हात न्यायच्या निमित्तानं चाचांनी त्यांना उचलून वजनाचा अंदाज घेतला होता आणि मग घमेल्यानं वाळू भरली होती. "एक ओंजळ जास्त झाली," म्हणून थोडी परत काढली होती. मला तेव्हा वाटलं होतं, हा गिअरबॉक्सचाच पुढचा प्रकार.

पोरांनी पोतं वरून दिलं. चाचांनी ते दोन्ही हातांवर घेतलं. मग ते गुडघ्यांत वाकू लागले, कुठं न थांबता, खाली खाली, आणि त्यांनी पोतं मातीवर ठेवलं. आवाज झाला नाही. एक पोरगं हसलं, कारण चाचांनी पोत्याचं एक टोक, कबरीत मयताचं तोंड करतात तसं, पश्चिमेकडं जरासं कलतं केलं आणि त्याखालची माती हातानं सारखी केली.

"हसू नगं," वस्ताद एवढंच म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. चाचा जमिनीला हात न लावता उठले. गुडघ्यांचा आवाजही आला नाही.

मला राहवेना. आनंदाची बातमी पोटात ठेवायची सवय मला नाही. आम्ही दोघं घराकडं निघालो. चाचा पोरासारखे चालत होते, वाटेत एक ओहळ होता तो त्यांनी उडी मारून ओलांडला. घराच्या अलीकडं वडापाशी मात्र ते थांबले, त्यांनी धोतर सारखं केलं आणि उजवा पाय ओढत चालू लागले. मला वाटलं, पाय मुरगळला.

"या अल्ला," दारात शिरता शिरता ते कण्हले.

अम्मांनी हात पुढं केला. चाचा वाकले. अम्मांची बोटं दंडावरून खाली गेली.

"कुठवर आलं?"

"नडगी, अम्मा."

मी तोंड उघडलं. चाचांनी वाकल्या वाकल्या माझ्याकडं पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडं कधीच पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं. त्यांचे गुडघे वाकल्याबिगर त्या जाणार नव्हत्या, एवढंच ते धरून बसले होते.

काही दिवसांनी चाचा शेडवर असताना अम्मांनी मला हाक मारली. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो.

"बाळा, तू शिकलेला. खोटं बोलत न्हाईस, असं समद्यांना सांगत असतोस."

"हो अम्मा."

"मग सांग. वाकतोय का त्यो?"

सरळ बोलणं हा माझा बाणा. कंपनीत साहेबाच्या तोंडावर मी सरळ बोललो होतो आणि ते गावभर सांगितलंही होतं. मी घसा साफ केला.

"नाही अम्मा. अजून जाम आहे. नडगीच्या खाली काही जात नाही."

अम्मा हसल्या. दात नसलेलं, पोट हलवणारं हसू.

"बी.ए. झालास, पर खोटं धड बोलता येत न्हाई तुला. आरं, त्याचं गुडघं वाजायचं बंद हून महिना झाला. माझं डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. वडापतुर धडधड चालत येतो आन मग पाय वढाया लागतो. रोज."

मी उठू लागलो.

"त्याला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय, त्यानं मला धरून ठेवलंय. वाटू दे."

तेवढ्यात त्यांनी मान वळवली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं वडाच्या बाजूनं पाय ओढल्याचा आवाज आला, मग दारात कण्हणं.

चाचा खाटेपुढं उभे राहिले आणि वाकले. अम्मांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि या खेपेला दंडावरून खाली नेलाच नाही. पाठीवरच राहू दिला.

"नडगी, अम्मा," चाचा म्हणाले.

"असू दे," अम्मा म्हणाल्या. "जाम झालेली वस्तू हळूच सोडवायची."