उपग्रहाला दिसलेली कपाशी

एरंडोलच्या कृषी कार्यालयात सुकदेवनाना उभे होते आणि मयुरी मॅडम त्यांना संगणकावर त्यांचंच वावर दाखवत होत्या. पुरानंतर उपग्रहाने काढलेल्या फोटोत ते हिरवंगार होतं. खाली लिहिलं होतं, ‘पीक जोमात.’

“मॅडम, ती कपाशी नही, गवत शे,” नाना म्हणाले. “चार दिन पानी व्हतं. कपाशी बठ्ठी सडी गई.”

“नाना, उपग्रहाला वरून फक्त हिरवं कळतं.”

“मंग त्याले सांगा, जरा खाले उतरीसनी देख.”

मॅडमना हसू आलं, पण आदेश वरचा होता. फोटोत ज्याचं वावर काळं, त्याचीच भरपाईसाठी पाहणी. पूर्ण काळं वावर नानांच्या बांधालगतच होतं, लीलाधरचं. त्यात ढोपरभर गाळ साचला होता. पुराआधीच्या फोटोत मात्र तेही हिरवं होतं, म्हणून नोंद झाली, ‘शंभर टक्के नुकसान.’

घरी नानांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. “बरं झायं,” त्या म्हणाल्या, “गवत तरी पास झायं.”

संध्याकाळी लीलाधर आला. गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि बैल कोणत्या बाजूने जुंपतात, हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

“नाना, उद्या मनी पाहणी शे. मना वावरमा कोणतं पीक व्हतं, ते जरा सांगी ठेवा.”

“काहीच नव्हतं. तीन वरीसफाईन पडीक शे ते.”

“ते आपले माहीत शे. उपग्रहले नही.”

दुसऱ्या दिवशी मॅडम कागद घेऊन गाळात उभ्या राहिल्या. “पेरणी कधी केली, लीलाधरभाऊ?”

लीलाधरने नानांकडे पाहिलं. “नाना सांगतीन. शेजारीच शेतस त्या.”

नाना खोटं बोलायला गेलेच नाहीत. पेरणी म्हटल्यावर त्यांना एकच पेरणी आठवली. अठरा जून. बांधाकडच्या दोन ओळी उगवल्या नाहीत, तिथं धुरपदाबाईंनी पुन्हा बी टोचलं. पोळ्यापर्यंत झाडं कमरेला लागली. एकेका झाडाला तीस-पस्तीस बोंडं. नाना सांगत राहिले आणि मॅडम लिहीत राहिल्या. चार दिवसांच्या पाण्यापाशी येऊन सांगणं संपलं.

“गट नंबर?” मॅडमनी मान वर न करता विचारलं.

“एकशे बेचाळीस,” नाना म्हणाले.

लीलाधरचा एकशे त्रेचाळीस.

मॅडमनी कागद पाहिला, मग नानांना. त्यांनी बांध ओलांडला. नानांच्या वावरातलं गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. आत ओळीने काळी पडलेली कपाशीची झाडं उभी होती. त्यांनी खाली वाकून फोटो काढला.

“नाना, इथं सही करा. लीलाधरभाऊ, तुमच्या गटावर मी ‘पेरणी नाही’ लिहिते. आता यांच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करा. हे पीक तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना?”

खोटी सही टळली, तसं लीलाधरच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याने पेन घेतलं.

“रोज पाहे मी,” तो म्हणाला. “वावरमा माले दुसरं काम काय व्हतं?”