क्रांतीची अंगाई

मुलांनो, डोळे मिटा पाहू. पूर्ण मिटा, फटीतून बघायचं नाही. आता एक बेकरी आणा डोळ्यांसमोर. पुढे दुकान, मागे भट्टी आणि भट्टीला लागून मैद्याच्या पोत्यांची खोली. दुपारचं ऊन खिडकीतून तिरकं आत आलंय आणि त्यात पिठाचे कण असे तरंगताहेत, जणू त्यांना कुठेच जायची घाई नाही. दिसलं? मग त्या पोत्यांवर एक मुलगी बसवा. तिला घरी सगळे पिटुकली म्हणत, आपणही तेच म्हणू.

समोर बँड. बँड म्हणजे तिघं जण. गाणारा आणि गिटार वाजवणारा पिटुकलीचा मामा, एरवी तो चष्मे दुरुस्त करतो. ड्रमवर बेकरीवाला. कीबोर्डवर टपाल वाटणारी ताई. बँड एवढासा, पण मामाचा आवेश असा, की वाटावं उद्या सिंहासनंच उलथणार!

कारणही तसंच होतं. शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत पिटुकली मुलांच्या वाचनालयात बसायची. तिथल्या एका जाडजूड पुस्तकातलं जहाज बर्फात अडकलं होतं आणि ते सुटतं की नाही, हे तिला अजून कळायचं होतं. तेवढ्यात नगराध्यक्षांनी फर्मान काढलं. वाचनालय रिकामं करा, नगरपालिकेच्या मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवी आहे.

मामाचा असा संताप झाला, की त्या दिवशी त्याने एका आजोबांच्या चष्म्याच्या काड्या उलट्या बसवल्या. आणि गाणं लिहिलं:

उठा उठा रे गाव सारे, झोप आता पुरे,
खुर्च्यांखाली चिरडू नका पोरांची ही घरे!

“हे ऐकून खुर्चीतला माणूस खडबडून जागा झाला नाही, तर या गिटारीचं सरपण करीन,” मामाने जाहीर केलं. त्याने शाळेच्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम ठरवला आणि प्रमुख पाहुणे म्हणून नगराध्यक्षांनाच बोलावून आला. तोंडावर सुनवायचं, असा बेत.

अडचण एकच होती. पोत्यांच्या शेजारच्या खोलीत बेकरीवाल्याचं तान्हं बाळ झोपायचं. बेकरीवालीने पहिल्याच दिवशी दारात उभं राहून बजावलं, की क्रांती खुशाल करा, पण पोरगं उठलं तर तुम्हीच खेळवायचं. मग ड्रमवर गोधडी आली. काठ्यांना फडकी गुंडाळली गेली. ताईने कीबोर्डचा आवाज मुंगीला ऐकू जाईल एवढाच ठेवला. आणि मामा ‘उठा उठा’ असं म्हणू लागला, जसा एक चोर दुसऱ्या चोराला उठवतो.

बाळाला तर त्याची सवयच लागली. गाणं सुरू झालं की डोळे मिटायचं, थांबलं की टाहो फोडायचं. मग बेकरीवालीच त्यांना सरावाला सुट्टी देऊ देईना. गाणं रोज थोडं संथ, थोडं मऊ होत गेलं. मामाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या स्वतःच्या कानात ते गर्जतच होतं.

पिटुकलीने एकदा भीत भीत विचारलंही, की थोडं मोठ्याने म्हणायला नको का?

“अगं, स्टेजवर बघ,” मामा म्हणाला. “वाघ काय गुहेत डरकाळ्या फोडत बसतो?”

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. शाळेचं मैदान माणसांनी भरलं. पहिल्या रांगेत नगराध्यक्ष. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावर आठ्या. त्यांना कित्येक महिने धड झोप लागत नाही, हे त्यांच्या ड्रायव्हरने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बेकरीवाली. मांडीवर बाळ, नुकतंच डोळा लागलेलं.

बेकरीवाल्याने काठ्या उंच उगारल्या. समोर बाळ दिसलं. बाळाच्या वर बायकोचे डोळे दिसले. काठ्या पिसासारख्या खाली आल्या. ताईची बोटं आपोआप हलकी झाली. मामाने छाती फुगवली, तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती कुजबुज.

उठा उठा रे गाव सारे...

ते सूर मैदानावर धुक्यासारखे पसरले. आधी पहिली रांग जांभया देऊ लागली, मग दुसरी. कणसं वाऱ्याने लवावीत तशी डोकी कलत गेली. बंदोबस्ताचा हवालदार उभ्या उभ्याच झोपला. भिंतीवरचं मांजरही पाय पोटाशी घेऊन विरघळल्यासारखं पसरलं. आकाशातला चंद्र ढगाची दुलई ओढून घेतोय, असं पिटुकलीला वाटलं. नगराध्यक्षांची मान हळूच वळली आणि ज्यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण होतं, त्या विरोधी पक्षनेत्यांच्या खांद्यावर टेकली. तेही घोरतच होते.

शेवटी ड्रमवर बेकरीवाला स्वतःच पेंगला. गाणं थांबलं. त्यासरशी बाळाने असा टाहो फोडला, की सगळं गाव दचकून उठलं!

नगराध्यक्ष उठले आणि थेट स्टेजकडे आले. मामाचा चेहरा पिठासारखा झाला.

“काय गाता हो तुम्ही,” नगराध्यक्ष डोळे चोळत म्हणाले. “किती महिन्यांनी झोपलो मी. उद्यापासून रोज दुपारी माझ्या बंगल्यावर या.”

सिंहासनं उलथवायला निघालेला मामा म्हणाला, “हो साहेब. किती वाजता येऊ?”

पिटुकलीला दिसलं, की आपलं वाचनालय आता बंगल्याच्या दिवाणखान्यात बुडणार. तिने मामाला बाजूला सारलं.

“काका, हे गाणं बंगल्यावर लागू पडणार नाही.”

“का गं?”

“तिथे फोन वाजतात, माणसं येतात. याला अगदी शांत जागा लागते. अशी गावात एकच आहे, मुलांचं वाचनालय. तिथे मोठ्याने बोलायला बंदी आहे.”

“अन् आपल्या खुर्च्या, साहेब?” मागून त्यांच्या सचिवांनी आठवण करून दिली.

नगराध्यक्षांनी एक लांबलचक जांभई दिली. “मोडक्याच आहेत ना? ठेवा माझ्या बंगल्यावर.”

तेव्हापासून रोज दुपारी वाचनालयात मुलं पुस्तकं वाचतात, बँड गातो आणि कोपऱ्यातल्या बाकावर, उशाशी दोन शब्दकोश घेऊन, नगराध्यक्ष झोपतात. गाण्यात नक्की काय म्हटलंय, ते त्यांनी अजून एकदाही ऐकलेलं नाही. मामाला याचं फार वाईट वाटतं. गिटारीचं सरपण करायची गोष्ट मात्र त्याने पुन्हा काढली नाही.

मागच्या आठवड्यात गाणं जरा लवकर संपलं. नगराध्यक्षांनी कूस बदलली, एक डोळा किलकिला केला आणि आजूबाजूची इतकी छान, ऐसपैस जागा निरखू लागले. पिटुकलीने पुस्तकाच्या पानात बोट अडकवलं, चवड्यांवर चालत मामापाशी गेली आणि त्याची बाही ओढून म्हणाली, “पुन्हा पहिल्यापासून. आणि हळू म्हण.”