गायकवाडकाकांचे तीन थर

आमच्या शेजारचे गायकवाडकाका भेटले की 'कसं काय' म्हणत नाहीत, 'थर किती?' असं विचारतात. नवखा माणूस दहीहंडीची वर्गणी मागायला आलेत असं समजून दार लावून घेतो.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या. मुलगी सुजाता हिंजवडीतून थेट कॅनडाला गेली आणि जाताना म्हणाली, "बाबा, पुढच्या थंडीत तुम्ही या, बर्फात फिरू." तेव्हापासून काका रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर बर्फाचे कपडे चढवून चालायचा सराव करतात. पहिला थर घाम बाहेर टाकणारा, दुसरा लोकरीचा, तिसरा वारा अडवणारा. सुती कपड्याचं तर नाव काढायचं नाही. सुती घामानं भिजतं आणि भिजलेला माणूस बर्फात संपतो, हे त्यांनी मला ऐन मे महिन्यात आंबे निवडताना ऐकवलंय. माझं बनियन त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. "सुती घालून निघालात? मृत्युपत्र केलंय ना?"

दर थंडीत सुजाताला रजा नसते. मग बेत पुढच्या थंडीवर जातो आणि काका आणखी एक कानटोपी आणतात.

परवा जानेवारीत मीही त्यांच्याबरोबर टेकडीवर होतो; ऊन चढलं आणि काका मटकन खाली बसले. घामाच्या नुसत्या धारा! म्हटलं, पुरे झालं तुमचं कॅनडा, आणि त्यांना सोलायलाच घेतलं. वाऱ्याचा थर निघाला, लोकरीचा निघाला. काका गळ्याशी घट्ट धरून 'राहू द्या हो' म्हणतायत, पण ऐकतोय कोण! घामाचा थर वर ओढला, तर आत आणखी एक. टी-शर्ट. तोही सुती, चिंब भिजलेला, छातीवर कुठल्याशा कंपनीचं विटलेलं नाव.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांचे टोमणे आज फिटणार होते. "काका, सुती? हा कितवा थर?"

काकांनी तो ओला टी-शर्ट हातानं सारखा केला.

"तो थरात धरायचा नाही," ते म्हणाले. "सुजाताचा आहे. कंपनीनं दिलेला, तिला ढगळ व्हायचा. जाताना दांडीवर वाळत राहिला."

बाकीचे कपडे मी काखेत मारले आणि आम्ही सावकाश उतरलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच त्यांची बेल वाजवली.

"काका, थर किती?"

"तीन."

मीही तीनच मोजले.